उद्याचं रीडिंग

नव्या सोसायटीत एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या कामाची बोलणी करायला गेलो, की मी आधी लॉगबुक मागतो. प्लांट कुठे पळून जात नाही. लॉगबुक मात्र चहा येईपर्यंत गायब होऊ शकतं. पुण्यातल्या एका सोसायटीत ते हातात आलं, तेव्हा महिन्याची सतरा तारीख होती आणि पीएच ७.२ ही नोंद तीस तारखेपर्यंत एकाच निळ्या पेनाने उतरवून झाली होती. सह्यांसकट. सेक्रेटरी बाईंनी पान दोनदा उलटून पाहिलं. "म्हणजे आमचा ऑपरेटर ज्योतिषी आहे म्हणायचा," त्या म्हणाल्या. त्या पोराला कंत्राटदाराने पीएच मोजायची पट्टीसुद्धा दिलेली नव्हती. रकाना मोकळा दिसला तर पगार कापू, एवढा दम मात्र दिला होता.

आमच्या धंद्यावर लोकांचा विश्वास नाही, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. २००६च्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या मंजुरीच्या अटींत एसटीपी असतो. बिल्डर तो बांधतो, चाव्या कमिटीच्या हातात देतो आणि पुढच्या साइटवर जातो. कमिटीत बँकेतून निवृत्त झालेले चेअरमन असतात, आयटीतला खजिनदार असतो; जिवाणूंशी कुणाचाच परिचय नसतो. दोनशे घरं, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर असा हिशेब धरला, तर लाखभर लिटर पाणी वर चढतं आणि त्यातलं ऐंशीएक टक्के घाण होऊन तळघरात येतं. ते तिथे काय होतं, हे बघायला वरून कुणी उतरत नाही. मग जो सांगेल ते खरं.

खरी लबाडी रात्री होते. टाकीत हवा सोडणारा दहा एचपीचा ब्लोअर आठ तास बंद ठेवला, की साठेक युनिट वाचतात. लाइट बिल उतरतं, खजिनदार खूश, कंत्राटदाराची पाठ थोपटली जाते. पण टाकीतलं काम करणारे जिवाणू हवेवर जगतात. काही तास हवा तोडली की ते मरायला लागतात, चॉकलेटी गाळ काळा पडतो आणि सकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजी खिडक्या लावून घेतात. मग वास मारायला कुणीतरी फिनेलचा कॅन टाकीत ओततं, आणि उरलेसुरले जिवाणूही जातात.

प्लांट ठीक आहे की नाही हे कळायला इंजिनिअर लागत नाही. एक लिटरची काचेची उभी नळी घ्यायची, हवेच्या टाकीतलं पाणी काठोकाठ भरायचं आणि अर्धा तास तिला हात लावायचा नाही. आधी सगळं गढूळ असतं. मग गाळाचे बारीक गोळे जमतात, एक रेघ तयार होते आणि ती हळूहळू खाली सरकू लागते. अर्ध्या तासाने गाळ साधारण अडीचशे ते चारशे मिलिलिटरच्या खुणांदरम्यान बसला आणि वरचं पाणी नितळ दिसलं, तर प्लांट चालू आहे. रेघ आठशेवर अडून बसली, तर गाळ साठलाय किंवा बिघडलाय. नाकाचीही मदत घ्यावी. चांगल्या टाकीला पावसाळ्यातल्या ओल्या मातीसारखा वास येतो. मी ही चाचणी दर महिन्याला कमिटीतल्या एकाला तरी समोर उभं करून करतो. पहिल्या खेपेला नाकाला रुमाल असतो. तिसऱ्या खेपेपर्यंत ते स्वतःच नळी उजेडात धरून रेघ वाचतात.

काही कंत्राटदार एजीएममध्ये शुद्ध केलेलं पाणी पिऊन दाखवतात. मला तो तमाशा वाटतो. हे पाणी फ्लशला आणि बागेला आहे, घशाला नाही. १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशचेच धरलेले असतात. तेवढं जरी याच पाण्यावर भागलं तरी उन्हाळ्यातले टँकर कमी होतात. पण कमोडमध्ये पिवळं पाणी एकदा दिसलं, की लोक फ्लशची लाइन बंद करायला लावतात. ती पुन्हा सुरू करून घेताना आमचा घाम निघतो.

लॅब रिपोर्टवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप; आपल्याकडे त्याची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. सोमवारी नमुना नेला आणि मंगळवारी संध्याकाळी बीओडीचा आकडा हातात पडला, तर तो आकडा बाटलीतून आलेला नाही. आणि बाटली आपल्या डोळ्यांसमोर भरा, नाहीतर ती बागेच्या नळावरही भरली जाते.

एका बाबतीत मात्र मी घासाघीस ऐकून घेत नाही. टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. तरी "पाच मिनिटांचं काम आहे, उतर रे" हे वाक्य मी अजून ऐकतो. टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास मारतो. वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणसं खाली उतरतात आणि त्यांना काढायला गेलेलेही वर येत नाहीत. माझ्याकडे गॅस मीटर आहे आणि गाळ उपसायला सक्शनची गाडी येते. तिचे पैसे बिलात वेगळे लावतो.

म्हणून माझं कोटेशन बहुतेक वेळा सर्वांत महाग असतं. "अहो, तो दुसरा निम्म्यात करतो म्हणतोय," असं खजिनदार म्हणतात. करत असेलही. निम्मे पैसे कुठून वाचतात, हे त्याच्या कागदावर सापडत नाही. ते ऑपरेटरच्या पगारात, बंद ब्लोअरमध्ये आणि न उपसलेल्या गाळात असतं. तेव्हा पुढच्या वेळी तीन कोटेशनं समोर आली, की एकूण रकमेआधी विचारा : तळघरात बसणाऱ्या माणसाला हातात किती देणार, आणि गाळ कोण, कशाने काढणार? उत्तर लेखी घ्या.