पनवेलचं फडताळ

पनवेल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गजबजलेला एस.टी. स्टँड? कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका? की २०२५ साली सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ? आज मात्र आपण जाणार आहोत जुन्या पनवेलमध्ये, भिंतीतल्या एका कपाटापाशी!

पनवेल हे पूर्वी खाडीवरचं बंदर. मुंबईहून माल गलबतांतून इथे यायचा आणि पुढे घाटावर जायचा. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि बैलगाड्यांची रांग लागली. गाड्या म्हणजे चाकं आणि चाकं म्हणजे सुतार! मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, वर लालबुंद तापवून चढवलेली लोखंडी धाव. गार होताना धाव आकसते आणि सगळं चाक आवळून धरते. चाकांच्या या कामासाठी पनवेलचं नाव दूरवर होतं.

असल्या कसबी हातांच्या काळातली काही कौलारू घरं जुन्या वस्तीत अजून टिकून आहेत. तशा घरात गेलात तर भिंतीत बसवलेलं लाकडी कपाट शोधा. त्याचं नाव फडताळ. आजीची लोणच्याची बरणी, औषधाची सहाण आणि लाडवांचा डबा ठेवायची हक्काची जागा!

फडताळाचं दार निरखून बघा. चौकटीच्या सांध्यावर खिळा दिसतो का? बहुतेक नाहीच दिसणार. मग ते धरलंय कशानं?

सुतारकाका जमिनीवर बसायचे, फळी पायांनी घट्ट धरायचे. रंगात बुडवलेला दोरा ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटायची. आपण 'सुतासारखा सरळ' म्हणतो ना, ते सूत हेच! त्या रेघेवरून करवत चालायची. वाकसानं ढलप्या उडवायच्या, रंध्यानं फळी गुळगुळीत करायची. भोकासाठी सामता, तो दोरीनं गरगर फिरवायचा. कोपरा काटकोनात आहे का, हे गुण्या सांगायचा. मग एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात पटाशीनं नेमकं तेवढंच भोक पाडायचं. कुसू आत ठोकला, वर लाकडी पाचर मारली की सांधा पक्का! माप जरा चुकलं तर? कुसू सैल झाला तर सांधा हलणार, जाड राहिला तर लाकूड फुटणार.

आता खरी गंमत ऐका. जुलैत तुमच्या घरातलं दार अडकतं ना? लाकूड दमट हवेतलं पाणी शोषून फुगतं. पण ते लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. कोकणातला पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे! म्हणून सुतार चौकटीच्या आतल्या कडेला खाच पाडत आणि मधली फळी त्या खाचेत नुसती सरकवत. सरस नाही, खिळा नाही. पावसाळ्यात ती खाचेतल्या खाचेत फुगते, उन्हाळ्यात आकसते. दार तडकत नाही. तीच फळी खिळ्यांनी जखडली असती तर तिला हलायला जागाच मिळाली नसती. भेग ठरलेली!

आज आपल्या घरी प्लायवूडची कपाटं असतात. पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवल्यामुळे प्लाय सहसा फुगत नाही, काम झटपट होतं आणि परवडतंही. त्यात वाईट काहीच नाही. पण जुनं घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा फडताळं भंगारात जातात. नुसतं लाकूड जात नाही. ते कसं जोडलं होतं, हे सांगणारा शेवटचा पुरावाही जातो. पटाशी धरायला शिकवणारे हात तर त्याआधीच थकलेले असतात.

मग तुम्ही काय कराल? गावी किंवा आजोळी गेलात की जुन्या कपाटाचं दार उघडा. सांध्याचं चित्र वहीत काढा. चौकटीचे दोन्ही कर्ण दोऱ्यानं मोजा. सारखे भरले तर समजा, गुण्या चोख होता. जवळपास एखादे वयस्कर सुतारकाका असतील तर त्यांना वही दाखवा आणि विचारा, "काका, हे कसं केलं असेल हो?"

आणि घर पाडायचं ठरलंच असेल, तर आईबाबांना म्हणा, "फडताळ तेवढं काढून ठेवू या." नव्या घराच्या भिंतीवर ते पुस्तकांसाठी झकास शोभेल!