हटन ऑर्बिटल आणि फुकटची अ‍ॅनाकोंडा

'एलिट डेंजरस' (2014) खेळायला लागलेल्या नव्या भिडूला जुने खेळाडू हमखास एक सल्ला देतात. हटन ऑर्बिटलला जा, तिथे अ‍ॅनाकोंडा फुकट मिळते! अ‍ॅनाकोंडा म्हणजे गेममधलं भलंमोठं आणि भलतंच महाग जहाज. अर्थात, शुद्ध थाप. तिथे 'हटन मग' नावाचा मग मिळतो, तोही विकत.

पण मला थापेपेक्षा तो रस्ता भारी वाटतो. गेममध्ये एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर मिनिटभरात उडी मारता येते. कशी? तर म्हणे 'फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह'! असं एखादं नाव दिलं की फिजिक्सने गप्प बसायचं, ही गोष्ट रचणाऱ्यांची जुनी सोय. मात्र उडी मारली की तुम्ही त्या सिस्टिममधल्या सगळ्यात जड ताऱ्यापाशी उतरता. पुढे जहाज स्वतः हाकायचं. एरवी हे पाच-दहा मिनिटांचं काम असतं.

अल्फा सेंटॉरीला, म्हणजे आपल्या 'मित्र' ताऱ्याला, पंचाईत होते. हटन ऑर्बिटल आहे प्रॉक्झिमापाशी, आणि मुख्य ताऱ्यापासून ते 0.22 प्रकाशवर्षं लांब! हे अंतर मात्र कुणी मनाने लिहिलेलं नाही. खऱ्या आकाशातही ते जवळपास एवढंच आहे. प्रॉक्झिमा या जोडीला बांधलेला आहे आणि तिच्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण साडेपाच लाख वर्षं लागतात, हे 2017 साली बऱ्यापैकी पक्कं झालं. गेमवाल्यांनी तिघांना आधीच एका सिस्टिममध्ये बसवलं होतं.

आता जरा हिशोब. हे अंतर कापायला प्रकाशाला सुमारे 80 दिवस लागतात. गेममधला टॉप स्पीड प्रकाशाच्या 2001 पट (हसू नका). तरी जवळजवळ तास जातो, आणि वेग घ्यायला-कमी करायला लागणारा वेळ वेगळाच. व्हॉयेजर-1 च्या वेगाने निघालात तर 3,900 वर्षं धरून चाला.

ऑफिसातला एक मित्र म्हणतो, "अरे, हा सरळ सरळ डिझाइनमधला घोळ आहे. कुणीतरी टेस्ट केलं होतं का?" मला उलट वाटतं. अख्ख्या गेममध्ये साम्राज्यं आहेत, थारगॉइड आहेत, हजारो प्रकाशवर्षांच्या सफरी आहेत. पण 'लांब' म्हणजे काय हे फक्त इथे कळतं, कारण इथे गोष्टीला खरा आकडा आडवा आला आणि कुणी तो खोडला नाही.

2024 मध्ये नवा ओव्हरचार्ज ड्राइव्ह आला आणि हा वेळ बराच कमी झाला. लोक खूश. मी अजून जुनाच लावून जातो. जेवण होतं, भांडी होतात, जहाज आपलं चाललेलं असतं. पोचल्यावर बाहेर बघायचं. शर्मिष्ठेच्या 'एम'शेजारी एक जास्तीचा तारा दिसतो. तो आपला सूर्य. प्रत्यक्ष तिथे गेलात तरी तो तिथेच दिसेल.