भात पुढे, वरण मागे

२०२५ च्या मे महिन्यात, बारावीचा निकाल लागून आठवडा झाला असेल, एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्या डोंबिवलीच्या दुकानात आला. वडिलांच्या हातात कॅबिनेट, मुलाच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर एका ग्राफिक्स कार्डाचा फोटो. "काका, एवढं बसवून द्या. बाकी काही नको." बजेट पंधरा हजार. कार्ड सोळा हजारांचं. वरचे हजार आजी देणार होती.

ही मागणी मी सव्वीस वर्षं ऐकतोय, फक्त कार्डाचं नाव बदलत जातं. आणि सव्वीस वर्षं मी तेच विचारतो, "अडतंय कुठे, ते बघितलंस का?"

मशीन २०१५ सालचं. इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क आणि दोन जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय. त्या काळी बेताच्या पैशात गेमिंगसाठी याहून फार शहाणी जोडणी मीही सुचवली नसती. ते कार्ड ६० वॅटवर चालतं, वेगळी पॉवर केबलही मागत नाही. ज्याने कुणी हे असेंबल केलं होतं त्याने ग्राहकाचे पैसे उडवले नव्हते. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, सोडून. त्याच्याकडे येतोच.

पंगतीत वाढलंय का कधी? भाताची परात तरण्या मुलाकडे, तो सरसर पुढे निघून जातो. वरणाची बादली कुणा पोक्त काकांच्या हातात, आणि ते प्रत्येक पानाशी दोन शब्द बोलल्याशिवाय हलत नाहीत. भात वाढून झालेला, मंडळी ताटकळलेली. अशा वेळी भाताला आणखी एक माणूस लावून काय होणार? गेम चालू असताना संगणकात दर चित्रागणिक अशी एक पंगत बसते. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर एकेका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात प्रोसेसरने कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली हे ठरवायचं, लागेल ती माहिती रॅममधून यायची, आणि कार्डाने ते सगळं रंगवून पडद्यावर टाकायचं. सगळ्यात मागे जो राहील त्याच्या चालीने पंगत उठते. मुलं याला 'बॉटलनेक' म्हणतात. शब्द तोंडपाठ असतो, पण शोधतात बहुतेक वेळा जाहिरातीत.

मी कॅबिनेट उघडलं नाही. आधी मुलाला खेळायला बसवलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरचे आकडे लावले. व्हॅलोरंटमध्ये पहिली पाच मिनिटं झकास, मग चित्रांचा वेग निम्म्याहून खाली. त्याच क्षणी प्रोसेसरचं तापमान ९८ अंश. शंभरच्या जवळ आला की हा प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच चाल मंदावतो. कार्ड बिचारं निम्मं रिकामं बसलं होतं. म्हणजे ज्या खेळासाठी हा मुलगा रोज संध्याकाळी मित्रांच्या शिव्या खात होता, त्यात सोळा हजारांचं कार्ड लावून काडीचा फरक पडला नसता.

मग कॅबिनेट उघडलं. यांच्या शेजारच्या इमारतीचं दीड वर्षं पुनर्विकासाचं काम चालू होतं, त्या सिमेंटचा थर पंख्याच्या पात्यांवर नीट बसला होता. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या थर्मल पेस्टचा खडू झालेला. आणि प्रोसेसरवरच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात, त्यातली एक बोर्डात बसलेलीच नव्हती. दहा वर्षं तो कूलर तीन पायांवर उभा होता! ब्लोअरने धूळ उडवली, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, चारही पिना 'कट्' आवाज येईपर्यंत दाबल्या. तापमान ९८ वरून ७१. व्हॅलोरंट तासभर न अडखळता चाललं. तोवरचा खर्च पेस्टचे ३५० रुपये. मुलाचा चेहरा थोडा पडलाच. कार्डाची गरज अर्धी तिथेच संपली होती.

उरलेली अर्धी खरी होती. त्याला 'रेड डेड रिडेम्पशन २' खेळायचा होता. त्याच्या निर्मात्यांनी शिफारस केलेली रॅम १२ जीबी, कार्ड जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ४८० च्या तोडीचं, आणि डिस्कवर जागा १५० जीबी. शिवाय जीटीए ५ मध्ये गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ताच उमटत नव्हता, कारण हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर घरघरत होती. इथे कार्डही पुरतं थकलेलं, त्याची दोन जीबी मेमरी काठोकाठ.

मग फोटोतलं ते नवं कार्ड, आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचं, का नको? त्याच्या बाजूने एक मुद्दा पक्का होता. ते ७० वॅटवर चालतं, म्हणजे पॉवरची चिंता कमी. पण ते कार्ड मदरबोर्डाशी आठच मार्गिकांनी बोलतं. नव्या बोर्डावर मार्गिका इतक्या वेगवान असतात की आठ पुरतात. एच८१ वर मात्र पीसीआय एक्सप्रेसची दुसरी पिढी, सोळा मार्गिका मिळून सेकंदाला साधारण आठ जीबी. त्यातल्या आठच वापरल्या तर चार. रस्ता जुना असला की गाडी निवडताना रस्त्याकडे बघावं लागतं. आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड, पण सोळाही मार्गिका वापरतं, मेमरी आठ जीबी, आणि सेकंडहँडमध्ये सहा-साडेसहा हजारांत मिळत होतं. दुखणं एकच, त्याची भूक १८५ वॅटची.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेल्या एसएमपीएसइतकी महाग वस्तू मी बाजारात पाहिलेली नाही. स्टिकरवर ठळक ५०० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रेषेसमोर १४ अँपियर. गुणाकार करा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जेवतात ते मुख्यतः याच रेषेवर. प्रोसेसर ८४, कार्ड १८५, बेरीज २६९. मानकाप्रमाणे ही रेषा पाच टक्क्यांच्या आत राहायला हवी, म्हणजे ११.४ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. जुन्या कार्डावरच गेम चालू असताना माझ्या मल्टिमीटरने ११.२ दाखवले. वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे वायरिंग जुनं आणि त्यावर एसी लावायचा, असंच ना?" तेच.

कागदावर हिशेब मांडला. ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ५५० वॅटचा एसएमपीएस ३८००. ५०० जीबीची साटा एसएसडी २८००. जुन्या पट्टीच्या जोडीची वापरलेली आठ जीबी डीडीआर३ ची पट्टी ९००. कार्ड ६२००. पेस्ट ३५०. माझी मजुरी ६००. चौदा हजार सहाशे पन्नास. आजीचे हजार आजीकडेच राहिले.

रॅमच्या पट्टीबद्दल एक. सोळा जीबी झाली हे तर खरंच, पण दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसर दोन दारांनी माहिती घेतो. एकाच पट्टीवर दुसरं दार दहा वर्षं बंद होतं. तेव्हा चार-चारच्या दोन घेतल्या असत्या तर जवळपास त्याच पैशात ते उघडं राहिलं असतं.

वापरलेलं कार्ड आणायला मुलाला बरोबर घेतलं. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड, मग चालत लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण दुकानदारापुढे ते नाव घेऊन बघा. माझ्या वडिलांसाठी हा मिनर्व्हा टॉकीजचा, 'शोले'चा रस्ता होता, माझ्यासाठी रॅम आणि रिबन केबलचा. इथे जुन्या कार्डांचा पूर आला तो सप्टेंबर २०२२ नंतर. इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डं रात्रंदिवस राबवून ते कमावण्याचा धंदा, म्हणजे माइनिंग, एका दिवसात बसला, आणि ती सगळी कार्डं घासूनपुसून विक्रीला आली. माइनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं, असं मुलं समजतात. माझा अनुभव जरा वेगळा. मुख्य चिप बहुतेकदा धडधाकट असते, कारण वीज वाचवायला ती कमी व्होल्टवर चालवलेली असते. मरतात पंखे, सुकतात मेमरीवरचे थर्मल पॅड.

मीही फसलोय. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं एक कार्ड आठव्या दिवशी गेलं, आणि टेस्टिंग वॉरंटी होती सात दिवसांची. दुकानदाराने चिठ्ठी वाचून दाखवली, वर चहा पाजला. तेव्हापासून मी काउंटरवरच कार्ड वीस मिनिटं पूर्ण ताणावर चालवून घेतो. पंखा हाताने फिरवून डगमगतो का ते बघायचं, कडेने तेलकट ओघळ शोधायचा, आणि जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून शेडर, म्हणजे चिपमधली गणित करणारी एककं, मोजायचे. अस्सल ५८० मध्ये २३०४ असतात. त्याच नावाने फिरणारी २०४८ वाली आवृत्तीही मिळते, ती त्या भावात घेऊ नये. पहिल्या दुकानात २०४८ निघाले. मुलगा माझ्याआधी ओरडला. तिसऱ्या दुकानात जमलं.

गेम सुरू झाला. १०८० च्या पडद्यावर, सावल्या आणि पाण्याचे तपशील मध्यमवर ठेवून, घोडा न अडखळता पळाला. पण जे होणार नव्हतं तेही मी आधीच सांगितलं होतं. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'सारख्या नव्या खेळांना प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं हार्डवेअर लागतंच, ते ५८० मध्ये नाही. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये एएमडी आता फार भर घालत नाही. आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचा इंटेल बसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला तेव्हा त्याचा फोन आलाच. लिनक्स टाकू का म्हणाला. टाक की, पण व्हॅलोरंटचं पहारेकरी सॉफ्टवेअर तिथे चालत नाही, मित्रांना काय सांगशील?

प्रोसेसर मात्र मी मुद्दाम हलवला नाही. नव्या पिढीचा घ्यायचा तर सॉकेट वेगळं, म्हणजे बोर्ड नवा, बोर्ड नवा म्हणजे रॅमही नवी. २०१७ साली एएमडीचा एएम४ बोर्ड घेणाऱ्यांपैकी अनेकांना बायोस अपडेट करून २०२२ चा रायझेन ५६०० त्याच बोर्डावर बसवता आला. आमच्या मुलाच्या ११५० सॉकेटची गाडी आय७-४७९० च्या आसपास संपते, आणि शेवटच्या गाडीला गर्दी असते, म्हणून म्हातारा असूनही त्याचा भाव उतरत नव्हता. "थांब," म्हटलं. पुढे २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव भडकले, तेव्हा नवं मशीन घ्यायला निघालेले दोघेतिघे जुनीच कॅबिनेटं घेऊन माझ्याकडे आले.

जानेवारीत तो मुलगा एकटाच आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला आय७-४७९०, लॅमिंग्टन रोडवरून स्वतः जाऊन आणलेला, सोबत टेस्टिंग वॉरंटीची चिठ्ठी. दहा दिवसांची लिहून घेतली होती.

"बोर्डाला चालेल का, बघितलंस?"

"कंपनीच्या यादीत आहे, काका. ४४६० आणि हा, दोघं २०१४ चेच. आठ थ्रेड होतील. गेममध्ये शहरात शिरलो की प्रोसेसर शंभर टक्के आणि कार्ड साठवर, असं दिसत होतं."

पेस्टची ट्यूब मागितली, तेवढीच. टेबलाची एक बाजू रिकामी करून दिली आणि मी एका प्रिंटरकडे वळलो. थोड्या वेळाने मागून 'कट्' आवाज आला. मी न बघता मोजत होतो. चार आले.