गरम नळीची थाप

कोपरखैरण्यात आमच्या रो-हाऊसच्या वरच्या मजल्यावर मी शिकवण्या घेते. वर पत्रा, त्यामुळे मे महिन्यात दुपारी खोलीत बसवत नाही. तरी सुट्टीत मुलांना प्रयोग करून दाखवायची हौस माझीच, आणि त्या हौसेपायी त्यांच्या वहीत चुकीचं उतरलं तेही माझ्यामुळेच.

प्रयोग शाळेतला नेहमीचा. भाताची पातळ पेज गाळून चार नळ्यांत घेतली. एक बर्फात, एक खोलीत तशीच, एक कोमट पाण्यात, एक उकळत्या पाण्यात. पेजेने ते ते तापमान धरलं की लाळ घालायची आणि काही वेळाने आयोडीन. स्टार्च शिल्लक असेल तर निळा-काळा रंग येतो; लाळेतल्या अमायलेजने ते फोडलं असेल तर आयोडीन तपकिरी-पिवळंच राहतं.

बर्फातली नळी काळीभोर झाली. उकळत्या पाण्यातली मी चिमट्याने उचलली आणि वाफा निघत असतानाच थेंब टाकले. निळा रंग नाही! मी आत्मविश्वासाने सांगून टाकलं, "बघा, जितकी उष्णता जास्त, तितकं पचन झपाट्याने." मुलांनी लिहून घेतलं. सामान आवरताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही नळी तर निळी झाली."

झाली होती खरी. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते, आयोडीन तिच्या पोकळीत बसतं तेव्हा निळा रंग दिसतो. तापवलं की ती पकड सुटते आणि रंग जातो. निवल्यावर परत येतो. म्हणजे स्टार्च नळीत जसंच्या तसं होतं. अमायलेज हे प्रथिन, उकळत्या पाण्यात ते कायमचं निकामी होतं. मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. समोर दिसलं ते सोयीचं वाटलं, एवढंच.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. खोलीतली नळी कोमट पाण्यातल्या नळीच्या जवळपास बरोबरीनेच निळी होईनाशी झाली. पुस्तकात तर तिला बराच उशीर लागतो. मी मुलांना पुस्तकातलं उत्तर लिहायला लावलं. नंतर तापमापी पाहिली तर पारा 34 अंशांवर! अमायलेज सर्वांत चांगलं काम करतं ते 37 अंशांच्या आसपास. पुस्तकातली 'खोली' वीस-पंचवीस अंशांची, आमची पत्र्याखालची. मुलांचं निरीक्षण बरोबर होतं, खोडायला लावलं मी. (लाळेने ग्लुकोज तयार होतं, असंही त्याच दिवशी म्हणाले होते. होतं ते मुख्यतः माल्टोज.)

पुढच्या तासाला वह्या दुरुस्त केल्या आणि लाळ घातलेल्या ताज्या नळ्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात ठेवून मग कोमट पाण्यात आणल्या. बर्फातलीचं पचन सुरू झालं, उकळलेली निळीच राहिली. थंडीने अमायलेज नुसतं थबकतं, मरत नाही. हा फरक मुलांना माझ्या व्याख्यानापेक्षा त्या दोन नळ्यांनी पटवला.

हा प्रयोग करणार असाल तर आयोडीन नळीत ओतू नका. पांढऱ्या टाइलवर एकेक थेंब काढून निवू द्या, मग तपासा. लाळ न घातलेली एक नळी प्रत्येक तापमानाला शेजारी ठेवा. आणि 'खोलीचे तापमान' असं नुसतं लिहू नका, आकडा लिहा.