फाइल चालेल कुठे

बँकेच्या शाखेत कर्ज नाकारताना तोंडावर कोणी ‘नाही’ म्हणत नाही. फाइल वर गेलीय, सिस्टिम घेत नाही, पुढच्या महिन्यात या. माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा आकडा, ६१२ होता. ३०० ते ९०० च्या मापात साडेसातशेच्या वर असलेल्यांनाच साहेब खुर्ची पुढे करतात, एवढं तोवर उमजलं होतं.

मी साउंडवाला. नाशिकमध्ये लग्नं, जत्रा, गणपती, नवरात्र यांवर आमचं पोट. २०२० च्या मार्चात ऐन लग्नसराईत सगळं बंद झालं. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली ती ३१ ऑगस्टपर्यंत. लोक मांडवात जमायला लागले त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. सामानावरच्या कर्जाचे हप्ते तुंबले, क्रेडिट कार्ड तुंबलं. वसुलीवाल्याने कार्ड निम्म्या पैशांत मिटवून दिलं आणि सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा बसला. पुढे कर्ज देणारा तो शेरा वाचतो तेव्हा त्याला एवढंच दिसतं, की याने कुणाचे तरी पैसे बुडवले.

पाथर्डी फाट्याला जुन्या इमारतीत २६ लाखांचा फ्लॅट मिळत होता. कर्जासाठी पहिला भेटलेला एजंट म्हणाला, पंधरा हजार आगाऊ द्या, सिबिल साफ करून देतो. बायकोनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, हे आम्हाला दुसऱ्या एजंटने सांगितलं. हा गाड्यांच्या कर्जातून घरांच्या कर्जात आलेला, चार-पाच कंपन्यांचं काम करणारा. त्याने एक पैसा मागितला नाही. कर्ज सुटलं की त्याचं कमिशन कंपनी देते. म्हणजे त्याला माझ्या व्याजदरापेक्षा कर्ज सुटण्यात जास्त रस, हे मी मनात टिपून ठेवलं.

त्याने आधी अहवाल मागवायला लावला. सिबिल धरून देशात असे अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो रकान्यावर बोट ठेवत गेला. सामानाचं कर्ज मी नंतर फेडलं होतं, तरी तिथे बाकी दिसत होती. त्यावर ऑनलाइन तक्रार टाकली. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा २०२४ पासूनचा नियम आहे. आमची वेळेत सुटली. कार्डाचे उरलेले पैसे भरून ‘काही देणं नाही’ असं पत्र घ्यायला लावलं, तेव्हा कुठे तिथला शेरा बदलला. उशिरा भरलेल्या हप्त्यांच्या खुणा मात्र राहिल्या.

“दादा, तुमची फाइल बँकेत चालणार नाही. हाउसिंग फायनान्सवाल्याकडे चालेल. व्याज जास्त पडेल,” असं त्याने स्वच्छ सांगितलं. शाखेत इतकं सरळ वाक्य कुणी बोललं नव्हतं.

बायको बालवाडीत शिकवते. तिने आयुष्यात कर्ज काढलेलं नाही, म्हणून तिचा स्कोअर उणे एक! बुडवणाऱ्याला सहाशे आणि कधीच न घेणाऱ्याला शून्याच्या खाली. तरी एजंटने घर तिच्या एकटीच्या नावावर घ्यायला लावलं. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. कर्जाला ती मुख्य अर्जदार, मी सहअर्जदार.

माझं आयकर रिटर्न पाहिलं तर मी गरीबच. धंदा रोखीचा. मग हाउसिंग फायनान्स कंपनीचा क्रेडिट मॅनेजर माझ्या गाळ्यावर आला. पोरसवदा, हातात टॅब. त्याने टॉप, बेस, ॲम्प्लिफायर मोजले, लाइटबिल पाहिलं, बुकिंगच्या डायऱ्या चाळल्या. शेजारच्या मंडपवाल्याला विचारलं, हे महिन्यातून किती दिवस गाडी भरतात? मग मला म्हणाला, “पितृपक्षात काय कमावता?” मी म्हटलं, काही नाही, वायरी दुरुस्त करतो. त्याने ते लिहून घेतलं. चातुर्मासात लग्नं नसतात, पण गणपती-नवरात्र येतं, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. चांगले महिने आणि कोरडे महिने एकत्र करून त्याने माझं उत्पन्न ठरवलं. माझ्या धंद्याकडे कागदाबाहेर पाहणारा हा पहिला माणूस, आणि त्याला एजंटनेच आणला होता.

मंजूर झाले १८ लाख, पंधरा वर्षांसाठी, साडेबारा टक्क्यांनी. हप्ता २२,१८५. पावणेनऊ टक्क्यांनी बँकेने दिलं असतं तर सुमारे अठरा हजार बसला असता. म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेच्या आसपास त्या शेऱ्यांची किंमत. उरलेले आठ लाख, वर मुद्रांक आणि नोंदणी. त्यासाठी बायकोच्या पाटल्या आणि माझी एक जुनी गाडी गेली.

सह्या करायच्या दिवशी कागदांत विम्याचा फॉर्म निघाला. एकरकमी हप्ता, तोही कर्जातच मिळवलेला. एजंट म्हणाला, सगळेच घेतात. बायकोने विचारलं, सक्ती आहे का? तो जरा घुटमळला. “सक्ती नाही वहिनी, पण फाइल लवकर हलते.” तिने फॉर्म बाजूला ठेवला. फाइल तशीही हलली. नंतर आम्ही साधा टर्म विमा बाहेरून घेतला, पुष्कळ स्वस्त.

हप्ते एकदाही चुकले नाहीत. परवा त्या एजंटचाच फोन आला. “दादा, स्कोअर सातशेच्या वर गेलाय, आता बँकेत ट्रान्सफर करू.” त्यात त्याला पुन्हा कमिशन आहे, हे मला कळतं, त्यालाही माहीत आहे की मला कळतं. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही, हे मी कंपनीत फोन करून पक्कं केलं. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि वकिलाचा खर्च किती, ते कागदावर लिहून आण म्हटलं. आणि नवरात्र उरकू दे, मग फाइल लॉगिन कर.