सतरावा नंबर

२८ मे २०२३, रविवार. नवतपा लागून तीन दिवस झाले होते. ज्यांनी नागपूरचा नवतपा पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो, की रात्रीचे नऊ वाजले तरी रामदासपेठेतल्या आमच्या गच्चीची फरशी पायाला चटके देत होती. हॉलमध्ये कूलर, कूलरसमोर बाबा आणि बाबांसमोर आयपीएलची फायनल. फायनल कसली, अहमदाबादला धो धो पाऊस पडत होता आणि बाबा गेला दीड तास कव्हर घातलेलं ग्राउंड बघत होते. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर एव्हर्टन विरुद्ध बोर्नमथ लावून बसलो होतो.

पाणी प्यायला उठलेले बाबा माझ्या दारात थांबले. स्क्रीनवर एक बाई डोळे मिटून, हात जोडून उभी होती.

"ही कोणती फायनल आहे?"

"फायनल नाही हो बाबा. सतराव्या नंबरासाठी चाललंय."

"कितीतून?"

"वीस."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेतून प्रगतिपुस्तक आणलंय.

त्यांचाही दोष नाही म्हणा. आमच्या रामदासपेठेत गल्लोगल्ली डॉक्टरांच्या पाट्या. इथे निकालाच्या दिवशी पेढे कुणाकडून आले यावर वर्षभर चर्चा व्हायची. पहिला आला की पेढे, दुसरा आला की "थोडक्यात गेलं हो", आणि त्याखाली कुणी विचारायचं नाही, सांगायचं तर नाहीच. तिथे सतराव्या नंबरासाठी हात जोडणारी बाई म्हणजे जरा अतिच झालं.

ज्यांचा फुटबॉलशी संबंध वर्ल्डकपपुरता आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब. हंगाम संपला की शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये जातात आणि खालचे तीन वर येतात. याला म्हणायचं रेलिगेशन. खाली गेलात की टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू जातात, परत यायला एक वर्ष लागेल की वीस, कुणी सांगू शकत नाही. म्हणजे सतरावा नंबर हा वाचलेल्यांतला शेवटचा. आयपीएलमध्ये ही भानगडच नाही. शेवटून पहिली आलेली टीमसुद्धा पुढच्या वर्षी नवी जर्सी घालून हजर.

मी एव्हर्टनच्या नादी कसा लागलो त्यात काही रोमँटिक नाही. इंजिनिअरिंगला असताना मित्राच्या रूमवर कॉम्प्युटरवर फिफा खेळायचो. मँचेस्टर, आर्सेनल, लिव्हरपूल, चेल्सी आधीच वाटले गेलेले असायचे. मी उशिरा पोचायचो. उरली ती माझी टीम. नंतर तिचा इतिहास वाचला आणि अडकलो.

नऊ वेळा इंग्लंडचा चॅम्पियन झालेला हा क्लब. १९५४ पासून सलग पहिल्या डिव्हिजनमध्ये. पण शेवटचं विजेतेपद १९८७ चं. त्यानंतर त्यांनी एक वेगळाच विषय स्पेशलायझेशनला घेतला: शेवटच्या दिवशी वाचणं.

पहिला पेपर ७ मे १९९४. घरचं मैदान गुडिसन पार्क, समोर विम्बल्डन. चौथ्या मिनिटाला पेनल्टी देऊन ०-१. विसाव्या मिनिटाला स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घालून ०-२. मैदानाचं एक स्टँड नव्याने बांधायला काढलेलं, तर लोक शेजारच्या पार्कातल्या झाडांवर चढून बघत होते. (आपल्याकडे उरुसातल्या कुस्त्या बघतात तसे.) मग ग्रॅहम स्टुअर्टने पेनल्टीवर एक फेडला. दुसऱ्या हाफमध्ये बॅरी हॉर्नने खूप लांबून असा काही हाणला की २-२. आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाला परत स्टुअर्ट. ३-२. तिकडे शेफिल्ड युनायटेड चेल्सीकडून शेवटच्या मिनिटाच्या गोलवर हरला आणि खाली गेला.

दुसरा पेपर १० मे १९९८. समोर कॉव्हेंट्री. सातव्या मिनिटाला गॅरेथ फॅरेलीचा गोल. वाटलं सुटलो. नंतर पेनल्टी मिळाली ती वाया घालवली आणि शेवटी शेवटी कॉव्हेंट्रीने बरोबरी केली. १-१. त्याच वेळी बोल्टन चेल्सीकडे २-० ने हरला. दोघांचे गुण सारखे, ४०. एव्हर्टन गोलफरकावर वाचला. दोन्ही वेळा चेल्सी धावून आली. तिसऱ्या वेळी स्वतःच करायचं होतं.

आणि हा तिसरा पेपर, २८ मे २०२३. सामने सुरू होताना एव्हर्टनचे ३३ गुण, लेस्टर आणि लीड्सचे ३१-३१. लेस्टरचा गोलफरक बरा. हाफटाइमला इकडे ०-० आणि तिकडे लेस्टर पुढे. म्हणजे त्या क्षणाच्या टेबलप्रमाणे आम्ही खाली! घरात दुसरं कुणी फुटबॉल बघत नाही, त्यामुळे ही बातमी मी एकट्यानेच पचवली.

तर १९९४ मध्ये एव्हर्टन कितवा आला? सतरावा. १९९८ ला? सतरावा. ट्रॉफीच्या कपाटात दाखवायला काही नाही, पण लिव्हरपूलमधल्या निळ्या घरांमधून ही तीन वर्षं ट्रॉफीसारखीच सांगितली जातात. का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. कळलं ते मुंबईत.

नोकरीनिमित्त काही वर्षं मुंबईत काढली. २०१५-१६ च्या हंगामात ऑफिसच्या एका मित्राबरोबर मी कूपरेजला मुंबई एफसीची आय-लीगची मॅच बघायला गेलो. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत. ओव्हलवर क्रिकेटच्या दहा मॅच चालू होत्या आणि त्यांना जमलेले बघे बहुतेक आमच्या स्टँडपेक्षा जास्त होते. टचलाइनवर एक सडपातळ माणूस पूर्ण वेळ उभा होता. खालिद जमील. कोच.

मुंबई एफसी २००७ मध्ये सुरू झालेला क्लब. खालिद तिथे आधी खेळला, मग २००९ पासून कोच झाला. सात हंगाम. मोठे पैसे नाहीत, मोठी नावं नाहीत, मध्यंतरी कूपरेजचं काम निघालं तेव्हा तर "घरच्या" मॅच पुण्यात बालेवाडीला. तरी सात वर्षांत त्याने क्लबला एकदाही खाली जाऊ दिलं नाही. त्याच्या खेळाला लोक कंटाळवाणा म्हणायचे. होताच. डिफेन्समध्ये गर्दी करायची, एक गुण उचलायचा, घरी जायचं. ज्याला प्रोजेक्ट वाचवायचा असतो तो आर्किटेक्चरचं सौंदर्य बघत बसत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

२०१६ मध्ये खालिद मुंबईतून बाहेर पडला आणि मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेला. आता आयझॉलची गंमत बघा. २०१५-१६ मध्ये ते नवातून आठवे आले होते. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण डीएसके कॉर्पोरेट एन्ट्रीने आलेला क्लब, त्याला रेलिगेशनपासून संरक्षण होतं. म्हणून आठवा आयझॉल खाली! पुढे गोव्याच्या क्लबांनी फेडरेशनच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन लीग सोडली, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतलं. आणि ३० एप्रिल २०१७ ला, शेवटच्या दिवशी, शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध १-१ करून तोच आयझॉल भारताचा चॅम्पियन झाला. मोहन बागानपेक्षा फक्त एक गुण जास्त.

आणि मुंबई एफसी? त्याच २०१६-१७ च्या हंगामात दहातून दहावा. रेलिगेट.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. एखादा क्लब खाली गेला की त्याचे लोक काय म्हणतात? "पुढच्या वर्षी वर येऊ." मुंबई एफसीच्या लोकांना हे म्हणायची संधीच मिळाली नाही. क्लबची सीनियर टीम बंद झाली. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चिखल तुडवणं नाही, परत येणं नाही. संपलं.

आपल्या राज्याची यादी काढली तर हेच दिसतं. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेला संघ, २०१० मध्ये बंद. एअर इंडियाला २०१३ मध्ये लायसन्सच्या निकषांवर लीगबाहेर काढलं. पुण्याचा भारत एफसी एक हंगाम खेळून २०१५ मध्ये गुंडाळला. त्याच सुमाराला पुणे एफसी. २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्स. २०१९ मध्ये आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. यातला एकही क्लब शेवटच्या दिवशी नव्वदाव्या मिनिटाला मेला नाही. सगळे कुठल्यातरी मीटिंगमध्ये मेले. झाडावर चढून बघावं असं काही घडलंच नाही.

याउलट गोव्याचा डेम्पो बघा. पाच वेळा देशाचा चॅम्पियन, आणि २०१५ मध्ये आय-लीगमधून चक्क खाली गेला. पुढच्याच वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकली. मग वर सांगितलेल्या भांडणात राष्ट्रीय लीग सोडली. पण क्लब घरी खेळत राहिला, आणि २०२४ मध्ये खालच्या पायरीवरून मैदानावर जिंकून पुन्हा आय-लीगमध्ये आला. पडला, पण होता. असलेला माणूस परत येऊ शकतो.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण याशिवाय हा विषय मला का चिकटला ते सांगता येणार नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझे विषय राहिले. एटीकेटीच्या हिशेबात एक विषय जास्त. एम-थ्री, दुसरं कोण! रिव्हॅल्युएशन टाकलं. त्याचा निकाल यायचा तो दिवस माझा ७ मे १९९४. फरक एवढाच, की माझा बॅरी हॉर्न आला नाही. मार्क तेवढेच राहिले. ईयर डाऊन.

त्या दिवशी समोरच्या घरातून पेढे आले होते. त्यांच्या मुलाला मेडिकलला सीट मिळाली होती. आईने डबा घेतला, हसून अभिनंदन केलं आणि आत येऊन ओट्याशी नुसती उभी राहिली. मी बाबांसमोर बसलो होतो. काय बोलतील याचे सगळे डायलॉग मी मनात पाठ करून ठेवले होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॉलेज उठून जाते का कुठं? पुढच्या जूनमध्येही तिथंच राहील न."

बस. एवढंच. त्यांनी पेढा खाल्ला, मलाही दिला.

माझा कंपू एक वर्ष पुढे गेला. मी ज्युनिअर पोरांबरोबर मागच्या बाकावर बसलो, एम-थ्री काढला, बाकीचंही काढलं. हे काही यशोगाथेसाठी सांगत नाहीये. माझ्या मार्कांनी तशी सोय ठेवलेली नाही. पण त्या वर्षी मला एक गोष्ट कळली, जी शब्दांत मांडायला कूपरेजचं रिकामं स्टँड बघावं लागलं. पडण्याची भीती वेगळी आणि पुसलं जाण्याची वेगळी. ज्याला "पुढचा जून" आहे त्याचं पडणं लाजिरवाणं असेल, पण ते खेळाच्या आतलं असतं.

म्हणून एव्हर्टनचे लोक सतराव्या नंबराची गोष्ट ट्रॉफीसारखी सांगतात. त्या दिवशी हरलो असतो तरी ऑगस्टमध्ये याच मैदानावर, याच सीटवर, कुठल्यातरी लहान गावाच्या टीमविरुद्ध आपण बसलेलो असू, ही खात्री त्या रडण्याच्या तळाशी असते. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात रेलिगेशन ठेवलंच नव्हतं. गुंतवणूकदारांना सुरक्षितता हवी, हा हिशेब मला समजतो. पण पडण्याची भीती नसतानाही एफसी पुणे सिटी पाच वर्षांत नाहीसा झालाच की. संरक्षण होतं, पुढचा जून नव्हता.

असो. त्या रात्रीचं राहिलं.

सत्तावन्नाव्या मिनिटाला अब्दुलाय डुकुरेने बॉक्सच्या कडेवरून असा सणसणीत मारला, की मी खुर्चीवरून उठलो आणि टेबलावरचा ग्लास लवंडला. १-०. तिकडे लेस्टर २-१ ने जिंकत होता. म्हणजे आमचा एक गोल गेला की सगळंच गेलं. इंज्युरी टाइम दहा मिनिटं. दहा! तेवढ्यात बाबा परत दारात. या वेळी ते आत आले आणि पलंगाच्या काठावर बसले. काही विचारलं नाही. शेवटची चार-पाच मिनिटं आम्ही दोघं एका शब्दाने न बोलता बघत होतो.

शिट्टी वाजली. लोक मैदानात घुसले. २०१६ चा चॅम्पियन लेस्टर जिंकूनही खाली गेला.

"वाचला का तुझा क्लब?"

"वाचला. सतरावा."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुन्हा हेच, बहुतेक."

बाबा हसले. "आमची तर उद्यावर गेली," म्हणाले. अहमदाबादचा पाऊस थांबला नव्हता, फायनल सोमवारवर ढकलली होती. मग उठता उठता स्क्रीनकडे बघून म्हणाले, "त्या बाईचं काय झालं रे? हात जोडून उभी होती ती?"

ती काही परत दिसली नाही. पण मला वाटतं, ऑगस्टमध्ये आली असेल.