मोबाईल कोणत्या गावात वापरणार?

जुन्या मोबाईलची तक्रार घेऊन आलेला माणूस मोबाईल काउंटरवर ठेवतो आणि निवांत बसतो. नव्या मोबाईलची तक्रार घेऊन आलेला बसत नाही. डबा, बिल, कव्हर सगळं सोबत असतं, बहुतेकदा मोठा मुलगाही असतो. "भाऊ, नवा कोरा मोबाईल हाय, अन् घरात टावरच नाही पकडून राह्यला. जुना त पकडत होता." यातलं शेवटचं वाक्य मी नीट ऐकतो. अर्धं निदान त्यातच असतं.

मोबाईल दुरुस्तीचं काम मी अकोल्यात शिकलो, पुढे अमरावतीत केलं. आमच्या धंद्यात हाताला मान आहे. आयसी काढणं, रिबॉल करणं, केसाएवढ्या तारेचा जंपर टाकणं ज्याला जमतं तो कारागीर. हे यायलाच हवं. पण नव्या मोबाईलच्या नेटवर्कचं काम आलं की खरी कसोटी हॉट एअर, म्हणजे आयसी सोडवणारी गरम हवेची बंदूक, हातात न घेण्याची असते. मोबाईल उघडला की कडेचा गोंद तुटतो, पाणी अडवणारं सील जातं आणि कंपनी वॉरंटी नाकारायला मोकळी होते. आणि दोष बहुतेक वेळा आत नसतोच. मग तो कुठे असतो, हे शोधणं हीच या कामातली कारागिरी आहे असं मी मानतो.

सुरुवात मी दांड्यांवर विश्वास न ठेवण्यापासून करतो. पडद्यावरच्या त्या चार-पाच दांड्या म्हणजे कंपनीने ठरवलेलं चित्र. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही. खरा आकडा डीबीएम या मापात असतो. अँड्रॉइडवर तो सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सापडतो, किंवा बऱ्याच मोबाईलमध्ये *#*#४६३६#*#* दाबून. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून. आकडा उणे असतो, म्हणून उणे ८० चांगला आणि उणे ११० वाईट. या दोहोंत ३० डीबीचं अंतर आहे, म्हणजे सिग्नल हजारपट क्षीण झालेला असतो. ग्राहकाचा जुना मोबाईल आणि नवा मोबाईल शेजारी ठेवून, त्याच जागी, त्याच सिमवर हा आकडा बघायचा. पुष्कळदा दोघांचा आकडा सारखाच निघतो आणि फरक फक्त दांड्यांच्या चित्रात असतो.

दांड्यांच्या या चित्रावरून एकदा जगभर गाजावाजा झाला होता. जून २०१० मध्ये आयफोन ४ आला. त्याची कडेची स्टीलची पट्टी हीच अँटेना होती आणि खाली डावीकडे तिच्यात एक बारीक फट होती. डाव्या हातात धरला की तळव्याने फट झाकली जायची आणि दांड्या पडायच्या. २ जुलैच्या पत्रात ॲपलने मान्य केलं की दांड्या मोजण्याचं त्यांचं सूत्रच चुकीचं होतं, जिथे दोन दाखवायला हव्यात तिथे कधी कधी चार दाखवल्या जात होत्या. १६ जुलैला स्टीव्ह जॉब्स यांनी पत्रकार परिषद घेतली आणि ग्राहकांना फुकट कव्हर द्यायचं जाहीर केलं. ते कव्हर कामाचं होतं, कारण हात आणि धातू यांच्यात त्यामुळे अंतर पडत होतं.

कडेच्या पट्टीचीच अँटेना का करावी लागते, हे आकड्यांतून कळतं. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटिमीटर. तिच्या चौथ्या हिश्शाची अँटेना म्हटली तरी जवळपास ११ सेंटिमीटर होते, आणि आख्खा मोबाईल १६-१७ सेंटिमीटरचा. त्यात ४जी, ५जी, वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस सगळ्यांच्या अँटेना बसवायच्या. कारखान्यातल्या माणसांनी हे कसं साधलंय ते उघडलेल्या मोबाईलमध्ये पाहिलं की मला आजही कौतुक वाटतं. इतक्या दाटीत बसवलेल्या अँटेनांपुढे धातू आला की सिग्नल अडतो, म्हणूनच गाडीतल्या चुंबकी होल्डरसाठी कव्हरमध्ये सरकवलेला लोखंडी पत्रा दिसला की मी आधी तो काढायला लावतो. लहान सिम करायला कात्रीने कापलेलं जुनं सिमही आधी बदलून घ्यायला सांगतो. कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्यांपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये किंवा बँडमध्ये, म्हणजे मोबाईल लहरींच्या कोणत्या पट्ट्या पकडतो त्यात असतं, आणि इथे माझा राग कंपन्यांवर आणि विकणाऱ्यांवर आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीत ५जी सुरू केलं. त्याआधी दोन वर्षं आपल्याकडे ५जी लिहिलेले मोबाईल विकले जात होते आणि लोक त्या दोन अक्षरांचे जास्तीचे पैसे मोजत होते. सेवा सुरू झाली तेव्हा त्यातल्या कित्येकांवर ५जी उमटलंच नाही. आयफोन १२ ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाला. त्यावर भारतातलं ५जी चालू झालं ते डिसेंबर २०२२ मध्ये, आयओएस १६.२ आल्यावर. यंत्र तेच, अँटेना तीच; फक्त सॉफ्टवेअरची परवानगी हवी होती. अशा मोबाईलला कुणी हॉट एअर लावला असता तर काय हाती लागलं असतं?

पण प्रत्येक मोबाईलचं अपडेटने भागलं नाही. जिओचं ५जी ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर उभं राहिलं, म्हणजे एन २८ आणि एन ७८. सुरुवातीच्या काळातले बरेच स्वस्त ५जी मोबाईल फक्त एन ७८ पकडणारे होते. एन ७८ची लहर नऊ सेंटिमीटरची. तिच्यात वेग भरपूर, पण ती भिंतीला हरते. अमरावतीत परकोटाच्या आतल्या, बुधवाऱ्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दीड हात जाड आहेत. २०२३ मध्ये आमच्याकडे ५जी दिसू लागलं तेव्हा तिथली माणसं रस्त्यावर ५जी आणि माजघरात काहीच नाही अशी तक्रार घेऊन येत. जो मोबाईल एन २८ पकडतो, त्याला त्याच घरात आधार मिळण्याची शक्यता असते. डब्यावर दोघांच्याही ५जीच लिहिलेलं असतं.

आता उन्हाळ्याचं. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि आमच्या भागात खरा त्रास याचाच आहे. मोबाईलच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असताना वापरा. ॲपल हेच सांगते, सॅमसंगही हेच सांगते. अकोल्यात मार्चमध्येच दुपारचा पारा ३५ ओलांडतो आणि मग पावसाळ्यापर्यंत खाली येत नाही. मे २०२४ मध्ये तर उन्हापायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. म्हणजे वर्षाचे तीन महिने वऱ्हाडातला प्रत्येक माणूस आपला मोबाईल कंपनीने सांगितलेल्या मर्यादेबाहेर वापरतो. मोबाईल तापला की तो स्वतःला वाचवायला लागतो: पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि रेडिओची ताकदही कमी करतो. तापल्यावर सिग्नल क्षीण होऊ शकतो हे ॲपलने आपल्या सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. नवा मोबाईल एप्रिलमध्ये घेतला, मोटारसायकलच्या हँडलला लावला, दुपारी मूर्तिजापूरपर्यंत गेला आणि वाटेत ५जीचं ४जी झालं, तर त्याच्यात बिघाड नाही. तो तापला आहे.

त्यात घर टिनाचं असेल तर दुहेरी मार. टिनपत्रा लहरी अडवतो आणि उन्हात घरही भट्टीसारखं तापवतो. टॉवर आणि मोबाईल यांचं बोलणं दोन्हीकडून असतं. टॉवरचा आवाज क्षीण आला की मोबाईलला स्वतःचा आवाज चढवावा लागतो, या धुऱ्यावरून पलीकडच्या धुऱ्यावर हाक मारावी तसा. ४जी मोबाईल साधारण २०० मिलीवॅटपर्यंत ताकद लावू शकतो. टॉवरजवळ याचा अगदी थोडा अंश पुरतो. टिनाखाली मात्र तो सतत शेवटच्या टोकाला चालतो. त्याने बॅटरी उतरते, मोबाईल आतून तापतो, बाहेरून आधीच तापलेला असतो, आणि तापला म्हणून रेडिओची ताकद कमी होते. मग टावर आणखी जातो. ग्राहक म्हणतो, "बॅटरीबी खराब, नेटवर्कबी खराब." खराब दोन्ही नसतात. अशा वेळी मी मोबाईल पंख्याखाली गार होऊ देतो, आकडा पुन्हा बघतो आणि त्याच्याच डोळ्यांदेखत फरक दाखवतो. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करून देतो. डिसेंबर २०१९ पासून आपल्याकडे ही सोय येत गेली आणि टिनाच्या व जाड भिंतींच्या घरांसाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

बाजारात मिळणारे बूस्टर मात्र कोणी लावू नयेत. परवान्याविना ते बेकायदेशीर आहेतच, शिवाय एकाच्या दुकानातला बूस्टर आख्ख्या गल्लीचं नेटवर्क नासवतो.

वायफायच्या तक्रारींची तऱ्हा वेगळी. राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे थकतो. दोघांना एकच नाव दिलेलं असलं की मोबाईल कुठे चिकटेल याचा नेम नसतो. २०१८ मध्ये आयफोन एक्सएस उलट वागत होता, ५ सोडून २.४ला जाऊन बसायचा. ऑक्टोबरमध्ये आयओएस १२.०.१ने ते दुरुस्त केलं. कॉलेजची पोरं सांगतात की होस्टेलच्या वायफायला नवा मोबाईल लागतच नाही. तिथे मोबाईलचा मॅक पत्ता, म्हणजे वायफायवरची त्याची ओळख, नोंदवलेला लागतो आणि नवे मोबाईल खासगीपणासाठी बनावट पत्ता सांगतात. त्या नेटवर्कपुरतं सेटिंग बदललं की काम झालं. वायफायचं बटणच राखाडी पडलं असेल, दाबलंच जात नसेल, तर मात्र दोष बहुधा आत आहे. तो मोबाईल कंपनीकडेच जायला हवा.

हे सगळं मी इतकं मनावर का घेतो, ते सांगतो. आता शेतकऱ्याचं काम मोबाईलवर आलं आहे. २०२१च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. २०२५च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागली. ओटीपी वेळेत आला नाही तर नोंदणी अडते. पऱ्हाटी विकून घेतलेला पंधरा-वीस हजारांचा मोबाईल त्याच पऱ्हाटीच्या नोंदणीला कामी येत नसेल, तर त्या माणसाचा राग मला रास्त वाटतो.

मेळघाटाची गोष्ट याच्या पुढची आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात अजून कित्येक जागी कोणाचाच टावर नाही, तिथे मोबाईल कितीही महागाचा असो. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर सुरू झालं, त्याच्या पट्ट्यांत ७०० मेगाहर्ट्झही आहे. डोंगर-जंगलात हीच लहर लांब जाते. पण मोबाईलमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ नसेल तर फक्त याच पट्टीवरचा टॉवर गावात उभा राहूनही मोबाईल रिकामाच. जुने ४जी मोबाईल घेऊन बसलेल्या तिथल्या माणसांना हे कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून दुकानदार मित्रांना माझं सांगणं आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे नंतर सांगा. आधी विचारा: मोबाईल कोणत्या गावात वापरणार, घरावर स्लॅब आहे का टिन, तिथे कोणत्या कंपनीचा टावर चालतो? आणि कंपन्यांनी मोबाईल कोणते बँड पकडतो ते डब्यावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापावं. घेणाऱ्यांनी मॉडेल क्रमांक बघून कंपनीच्या संकेतस्थळावर ४जीचा बँड २८ आणि ५जीचे एन २८, एन ७८ आहेत का ते तपासून घ्यावं. स्वतःला जमत नसेल तर पोराला तपासायला लावावं. मोबाईल घरी आणला की बदलून मिळायची मुदत संपण्याआधी तो माजघरात, वावरात, भर दुपारी चालवून बघा. टावर येत नसेल तर तक्रार लेखी द्या, पावती घ्या, आणि तोवर तो कोणालाही उघडू देऊ नका.